दंडाची चिठ्ठी आधी वाचा, मग भरा

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” असे आपले वाडवडील सांगून गेले. ते काही खोटे नाही. बांधाच्या वादापायी दोन भाऊ कोर्टात गेले आणि शेवटी बांध राहिला बाजूला, जमीनच गहाण पडली, अशी उदाहरणे गावोगाव आहेत. पण वाचकहो, या म्हणीचा एक वाईट परिणाम आपल्यावर झाला आहे. सरकारी कागद दिसला की आपण तो न वाचताच हात जोडतो. कोणी मुकाट्याने पैसे भरतो, तर कोणी कागद वळचणीला खोचून विसरून जातो. गाडीच्या दंडाच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग महागात पडतात. कसे, ते आज आपल्याशी बोलायचे आहे.

आमचा भाग मुरबाडकडचा. आमच्याकडची भाजी, दूध, पेंढा हे सारे कल्याणच्या वाटेने जाते. माळशेज घाट उतरून जुन्नर-ओतूरकडचा मालही त्याच वाटेने कल्याणच्या बाजार समितीत येतो. पोरे शिकायला कल्याणला, नोकरीला डोंबिवली-ठाण्याला. त्यामुळे घरात एक फटफटी आणि आळीत एखादा टेम्पो असतोच. पूर्वी नाक्यावर हवालदार शिट्टी वाजवायचा, गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि पावतीपुस्तक काढायचा. काय चुकले ते तोंडावर कळायचे, आपली बाजूही तिथेच मांडता यायची. आता चौकातल्या खांबावर कॅमेरा असतो आणि हवालदाराच्या हातात यंत्र. गाडी पुढे निघून जाते आणि दंडाचा निरोप मागाहून मोबाईलवर येतो. त्यालाच ई-चलन म्हणतात.

गावात मला चार अक्षरे बरी वाचता येतात अशी समजूत आहे, म्हणून अशी चलने घेऊन शेजारीपाजारी माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत पुष्कळ चलने वाचली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. चलन हा निकाल नव्हे, तो आरोप आहे. “तुमच्या गाडीने अमुक ठिकाणी अमुक नियम मोडला असे आम्हांला दिसते, मान्य असेल तर एवढे पैसे भरून प्रकरण मिटवा,” एवढाच त्याचा अर्थ. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या २०० व्या कलमात या पैशाला तडजोडीची रक्कम मानले आहे. तडजोड म्हटली की तिला दोन बाजू आल्या. आपण पैसे भरले की आरोप मान्य केल्यासारखे झाले. मान्य नसेल तर तसे सांगण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र तो वेळेत आणि पुराव्यानिशी बजावावा लागतो.

आमच्याच घरातले सांगतो. एका भातकापणीत माझ्या पुतण्याच्या मोबाईलवर चलन आले. डोंबिवलीत विनाहेल्मेट गाडी चालवली, दंड पाचशे रुपये. त्या दिवशी पुतण्या दिवसभर खाचरात होता आणि फटफटी अंगणात उभी होती. वहिनी म्हणाल्या, “भरून टाक बाबा, पोलिसांशी वाकडे नको.” पुतण्या म्हणाला, “भरत नाही, काय करतात बघू.” मी म्हटले, आधी चलनातला फोटो तर उघडा. फोटो मोठा करून पाहिला, तर गाडी भलत्याच कंपनीची, रंगही वेगळा. पाटीवर चिखल होता आणि शेवटचा आकडा तीन की आठ हे नीट दिसत नव्हते. ज्याने नोंद केली त्याने आठ वाचला, आणि तो आमच्या माथी आला.

मग आम्ही काय केले? आमच्या गाडीचे पुढून, मागून आणि बाजूने असे तीन फोटो काढले, पाटी स्पष्ट दिसेल असे. नोंदणीच्या पुस्तकाचा फोटो जोडला. महाराष्ट्र पोलिसांचे ‘महाट्रॅफिक’ नावाचे ॲप आहे, त्यात चलनाविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तिथे चार ओळी लिहिल्या: “फोटोतील गाडी आमची नाही. कंपनी व रंग वेगळा आहे. आमच्या गाडीचे फोटो सोबत आहेत. चलन रद्द करावे.” रागाचा शब्द नाही, गाऱ्हाणे नाही. तक्रारीचा क्रमांक वहीत टिपून ठेवला. पहिले तीन आठवडे काही उत्तर आले नाही. मग तोच मजकूर कागदावर लिहून वाहतूक शाखेत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली. त्यानंतर पंधरा दिवसांनी चलन रद्द झालेले दिसले. कोणत्या चौकीची चूक होती ते सांगण्यात अर्थ नाही. दिवसभर हजारो पाट्या वाचणाऱ्याकडून एखादी चुकायचीच. ती दाखवून देणे हे आपले काम.

आणि हे केवळ आपल्यासारख्या गरिबाच्याच वाट्याला येते असे समजू नका. उद्योगपती रतन टाटा यांच्या गाडीवर मुंबईत अशीच चलने येऊ लागली होती. त्यांच्या माणसांनी आपली गाडी तिथे नव्हतीच असे कळवले. पोलिसांनी कॅमेऱ्यांतून माग काढला, तेव्हा २०२१ च्या जानेवारीत असे उघड झाले की दुसऱ्याच एका मोटारीवर टाटांच्या गाडीचा क्रमांक लावलेला होता. अंकशास्त्राच्या नादाने आपल्या पाटीवरचा आकडा बदलला, असे ती गाडी वापरणाऱ्या बाईंचे म्हणणे होते. माटुंगा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि टाटांच्या नावावरची चलने खऱ्या गाडीवाल्याकडे वळवली गेली. टाटांना दंडाची रक्कम काय जड होती? तरी त्यांच्याकडून विचारणा झाली, म्हणून खोटी पाटी सापडली. तेव्हा आपल्या क्रमांकावर परक्या गाडीची चलने पुनःपुन्हा येत असतील, तर नुसती ॲपवर तक्रार करून थांबू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. आज त्या गाडीने हेल्मेटचा नियम मोडला, उद्या तिने कोणाला उडवले तर पोलीस पहिल्यांदा आपल्या दारात येतील.

आता चलन आले की काय वाचायचे, ते क्रमाने सांगतो. पहिले, गाडीचा क्रमांक. दुसरे, तारीख, वेळ आणि ठिकाण. तिसरे, फोटो, त्यात गाडी आपलीच आहे का, पाटी दिसते का आणि जो नियम मोडला म्हणतात तो फोटोत दिसतो का. चौथे, कायद्याचे कलम आणि रक्कम. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कॅमेऱ्याच्या चलनांसाठी नियम काढले. नियम मोडल्याचा फोटो, पाटीचा फोटो, वेळ, ठिकाण आणि कलम हे सारे नोटिशीत असावे, कॅमेरा ज्या रस्त्यावर आहे तिथे तसा फलक असावा आणि यंत्राची दरवर्षी तपासणी व्हावी, असे त्यात आले. म्हणजे फोटो मागणे हा आगाऊपणा नाही. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध राज्यात संप केला. त्याच सुमारास, पोलिसांनी स्वतःच्या खाजगी मोबाईलवर फोटो काढून ठेवून नंतर चलन करू नये, असा आदेश वरिष्ठांकडून निघाला. तक्रारी पोहोचल्या म्हणूनच तो निघाला.

एक मात्र ध्यानात ठेवा. ठाण्यापासून कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर आणि बदलापूरपर्यंतचा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे आहे. हे आयुक्तालय १९८१ साली झाले. मुरबाड-शहापूरकडे ग्रामीण पोलीस आहेत. चलन ज्या हद्दीतले, तिथल्या वाहतूक शाखेत अर्ज द्यावा लागतो. आमच्या गावचे एक काका कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या कचेरीत दोन हेलपाटे घालून आले. वाहतुकीच्या दंडाशी पालिकेचा संबंध नाही हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळले. तोवर दोन दिवसांचा रोज आणि गाडीभाडे गेले ते गेलेच.

यावरून हिशेबाची गोष्ट निघते. दंड पाचशेचा आणि तो चुकवायला हेलपाटे हजाराचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून लढाई घरबसल्या सुरू करावी. ॲपवरच्या तक्रारीला पैसा लागत नाही. तिथे दाद लागली नाही तर एक अर्ज आणि त्याची पोहोच. एवढ्यानेही भागले नाही तर मग कोर्ट. आणि कोर्टात जाताना तीन प्रश्न स्वतःला विचारावे. रक्कम मोठी आहे का? वाहन परवान्यावर गदा येणार आहे का? आपल्या हातात पुरावा आहे का? तिन्हींचे उत्तर “नाही” असेल, तर चीड गिळून पैसे भरणारा माणूस भित्रा नव्हे, व्यवहारी म्हणावा. पण पुरावा आहे आणि परवाना जाणार आहे, अशा वेळी टेम्पोवर पोट असणाऱ्याने गप्प बसू नये. कोर्टात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची असते. मात्र आरोप सिद्ध झाला तर कोर्ट कायद्यातला पूर्ण दंड ठोठावू शकते, हेही जाणून जावे.

वकिलाची फी कुठून आणायची, असे आपण विचाराल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या माणसांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. गाडी बाईच्या नावावर असेल तर हे विशेष ध्यानात ठेवावे. ठाण्याला जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाची कचेरी आहे आणि तालुक्याला त्याची समिती असते. तिथे जाऊन विचारायला लाज कसली?

लोकअदालतीबद्दल गावात फार गैरसमज आहेत. वर्षातून साधारण चारदा राष्ट्रीय लोकअदालत भरते आणि थकलेल्या चलनांच्या नोटिसा त्या वेळी येतात. लोकअदालत म्हणजे समझोत्याची जागा. कोण खरा, कोण खोटा हे तिथे ठरत नाही. दोन्ही बाजू राजी झाल्या तर प्रकरण मिटते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून ज्याचे चलन बरोबर आहे पण रक्कम साठून बसली आहे, त्याने तिथे जरूर जावे. ज्याचे चलनच खोटे आहे त्याने तिथे घाईने सही करू नये. राजी नसाल तर तसे सांगा, प्रकरण आपल्या वाटेने पुढे जाईल. “पुढे लोकअदालतीत निम्मे माफ होईल,” या आशेवर चलने साठवणारेही मी पाहिले आहेत. निम्मे माफ होईलच असा कुठे नियम नाही.

आळीतल्या एका भाजीवाल्याचे असेच झाले. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला माल पोचवताना बंदीच्या वेळेत टेम्पो घातल्याची आणि भलतीकडे उभा केल्याची चलने त्याला येत राहिली. फोटो बरोबर होते, टेम्पो त्याचाच होता. पहिल्या वेळी साध्या नियमभंगाला पाचशे रुपये आणि त्याच चुकीला पुन्हा पकडले तर पंधराशे, असा दर २०२१ च्या डिसेंबरपासून आपल्या राज्यात लागू झाला. त्याने एकही भरले नाही. मुलीच्या लग्नासाठी टेम्पो विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याने मोबाईलवर आकडा काढून समोर ठेवला. एकवीस हजार रुपये! तेवढे किमतीतून कापले गेले. त्याच्या बायकोने कोंबड्या-अंडी विकून जमवलेली चार वर्षांची पुंजी नेमकी तेवढीच होती. घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. महिन्यातून एकदा चलने पाहून वेळच्या वेळी भरली असती आणि बंदीच्या वेळेचा फलक पाहून पहाटे माल पोचवला असता, तर ही पाळी आली नसती.

आता घरोघरी करून ठेवण्यासारखी कामे सांगतो. ही केली तर चलनाची अर्धी भानगड मुळातच मिटते.

गाडीच्या नोंदणीत कोणता मोबाईल नंबर आहे ते पाहा. पुष्कळ ठिकाणी विकणाऱ्या दुकानदाराचा किंवा बंद पडलेल्या सिमचा नंबर असतो. मग निरोप आपल्याकडे येतच नाही, मुदत निघून जाते आणि मुदतीत न बोलणाऱ्याचे पुढे कोणी ऐकत नाही. नोटिशीवर जी तारीख छापलेली असेल ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

विकलेल्या गाडीचे नाव बदलून घ्या. “पैसे मिळाले, आता काय,” असे म्हणून आपण मोकळे होतो. पण परिवहन कचेरीच्या दप्तरी नाव आपलेच असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले की गाडी कितीही हातांत फिरली तरी दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच. चलनाचे पाचशे परवडले, पण भरपाईचे लाख कुठून आणणार?

पाटीवर नक्षीदार आकडे आणि ‘दादा’, ‘बाबा’ दिसतील अशी कलाकुसर करू नका. कॅमेरा अशा पाटीला भलतेच वाचतो, आणि ती कायद्यालाही धरून नाही. जुन्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे. दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी सरकारने तिचा दर कराशिवाय ४५० रुपये ठरवला होता.

विम्याची तारीख चुकवू नका. विमा नसलेली गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार. परवाना नसताना चालवली तर पाच हजार. आणि मायबापहो, अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती फटफटी देऊन कल्याणला पाठवू नका. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. एका वाणसामानाच्या फेरीसाठी पोराची उमेदीची वर्षे पणाला लावू नयेत.

हेल्मेटचे तर काय सांगावे! आपल्या राज्यात तडजोडीचा दंड पाचशेचा आहे, पण त्याबरोबर तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. आणि डोके फुटले तर त्याची तडजोड कोणत्याच अदालतीत होत नाही.

आणखी एक सावधगिरी. हल्ली चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर खोटे निरोप येतात आणि सोबत एक फाईल उघडायला सांगतात. ती उघडली की मोबाईलचा ताबा चोराकडे जातो आणि बँकेतले पैसे साफ होतात. पोलीस अशी फाईल पाठवत नाहीत. चलन खरे की खोटे ते निरोपातल्या दुव्यावरून पाहू नका. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असते. तिथे किंवा महाट्रॅफिकवर स्वतः गाडीचा क्रमांक घालून पाहा. रस्त्यावर कोणी रोख मागितले तर पावतीशिवाय एक पैसाही देऊ नका, आणि “मिटवून टाका साहेब” असे आपणही म्हणू नका. लाच देणारा आपला तक्रारीचा हक्क स्वतःच्या हाताने गमावतो.

वाचकहो, नियम मोडला असेल तर दंड भरावा आणि तो लवकर भरावा. त्यात कमीपणा नाही. पण नियम मोडलाच नसेल, तर पाचशे रुपये हे लहान पैसे समजू नका. आपल्या घरात तो एका माणसाचा दिवसभराचा घाम असतो. कोर्टाची पायरी शहाण्याने उगाच चढू नये हे खरेच, पण अर्ज लिहायला शहाण्याला कोणी अडवलेले नाही. या आठवड्यात एवढेच करा. घरातल्या शिकल्यासवरल्या पोरीला किंवा पोराला जवळ बसवा, घरच्या प्रत्येक गाडीचा क्रमांक घालून चलन आहे का ते पाहा, आणि एका वहीत गाडीचा क्रमांक, विम्याची तारीख आणि चलनाची तारीख लिहून ती वही रेशनकार्डाशेजारी ठेवा. काही निघालेच तर फोटो आधी पाहा. पैसे काढायचे की अर्ज लिहायचा, ते त्यानंतर ठरवा.